एका नौकेची तीन नावे: समान क्रमांक नसलेले तक्ते कसे जोडावेत

बर्फाच्या वहीत लिहिलेले असते, ‘पावसे नाखवा, ४० लादी’ (नाखवा म्हणजे नौकेचा मालक, लादी म्हणजे बर्फाचा मोठा ठोकळा). तीन दिवसांनी लिलावाच्या वहीत मासळीपुढे तांडेलाचे, म्हणजे नौका चालवणाऱ्याचे, नाव येते. आणि संस्थेच्या नौका-नोंदणीच्या तक्त्यात तीच नौका ‘जय हनुमान’ म्हणून, नोंदणी क्रमांकासकट, नाखव्याच्या वडिलांच्या नावावर असते. नौका एकच असते. धक्क्यावरच्या कोणालाही विचारा, तो क्षणात सांगेल. संगणकाला मात्र या तीन ओळींत समान असे काहीच दिसत नाही.

रत्नागिरी जिल्ह्यातल्या एका लहान बंदरावरच्या मच्छीमार संस्थेचे अहवाल मी तयार करते. ‘कोणत्या नौकेला फेरीमागे किती बर्फ लागले आणि किती मासळी उतरली?’ एवढ्या एका प्रश्नासाठी वरचे तिन्ही तक्ते जोडावे लागतात. हे काम पहिल्यांदाच करणाऱ्यांसाठी हा लेख आहे. उदाहरणे बंदराची असली तरी आंब्याच्या पेट्या आणि सभासद यादी किंवा दूध संकलन आणि बँकेची यादी जोडणाऱ्यालाही याच वाटेने जावे लागते. एक्सेल आणि त्यातली पॉवर क्वेरी वापरता येत असेल तर पुरे. प्रोग्रॅमिंग लागत नाही.

आधी ठरवा: एक ओळ म्हणजे काय?

तक्ते उघडून लगेच सूत्रे लिहायला बसू नका. कागद घ्या आणि प्रत्येक तक्त्यातली एक ओळ कशाची आहे ते एका वाक्यात लिहा. आमच्या नोंदणी तक्त्यात एक ओळ म्हणजे एक नौका. बर्फाच्या तक्त्यात एक ओळ म्हणजे एकदा नेलेले बर्फ. लिलावाच्या तक्त्यात एक ओळ म्हणजे एका जातीच्या मासळीचा एक वाटा, म्हणजे एकाच दिवशी एकाच नौकेच्या बांगड्याची एक ओळ, सुरमईची दुसरी आणि म्हाकुलाची तिसरी. हे वाक्य लिहिता येत नसेल तर तो तक्ता अजून तुम्हाला कळलेला नाही.

मग अहवालाला नेमके काय हवे ते पाहा. पुष्कळदा नौकानिहाय जोडणीची गरजच नसते. ‘ऑक्टोबरात आपल्या बंदरावर किती बर्फ गेले आणि किती मासळी आली’ एवढेच सांगायचे असेल, तर दोन्ही तक्त्यांची बंदर आणि महिना यांप्रमाणे वेगवेगळी बेरीज करा आणि त्या दोन लहान तक्त्यांची जोडणी करा. बंदर आणि महिना दोन्हीकडे आहेत, त्यामुळे नावांच्या जंजाळात शिरावे लागत नाही. सुरुवातीला मी हे न कळल्यामुळे आठवडाभर नावे जुळवत बसले होते आणि शेवटी अहवालात लागली ती फक्त महिन्याची बेरीज.

नौकानिहाय आकडा खरोखरच हवा असेल तर पुढे चला.

मूळ नोंद जशीच्या तशी ठेवा

प्रत्येक तक्त्याची प्रत काढा. प्रत्येक ओळीला अनुक्रमांक द्या: बर्फासाठी ब-१, ब-२ आणि लिलावासाठी ल-१, ल-२. नंतर काहीही उलटसुलट झाले तरी या क्रमांकावरून तुम्ही मूळ वहीच्या पानापर्यंत परत जाऊ शकता. नाव दुरुस्त करायचे ते शेजारच्या नव्या रकान्यात. मूळ रकान्याला हात लावायचा नाही.

आणि आत्ताच तीन आकडे लिहून ठेवा: एकूण ओळी, एकूण लाद्या, एकूण किलो. मी ते कागदावर लिहून समोर चिकटवते. शेवटच्या पायरीपर्यंत याच आकड्यांशी ताळा घ्यायचा आहे.

देवनागरी साफ करणे

इथे वेळ द्या. नावे जुळत नाहीत त्यातला मोठा वाटा इथेच सुटतो, आणि इंग्रजीत लिहिलेल्या मार्गदर्शिका या भागाबद्दल फारसे सांगत नाहीत.

पहिली गोष्ट मोकळ्या जागांची. ट्रिम हे सूत्र नावाच्या आगेमागेच्या आणि मधल्या जादा जागा काढते, पण संकेतस्थळावरून चिकटवलेल्या मजकुरात एक वेगळी न तुटणारी जागा असते (संगणकातला तिचा संकेतांक १६०), ती ट्रिमला हलत नाही. सबस्टिट्यूट आणि युनिकॅर वापरून ती आधी साध्या जागेत बदला, मग ट्रिम करा.

दुसरी गोष्ट न दिसणाऱ्या जोडचिन्हांची. मराठी टाइप करताना अक्षरांच्या मध्ये शून्य रुंदीची चिन्हे येतात, त्यांचे संकेतांक ८२०४ आणि ८२०५. डोळ्यांना दोन्ही नावे सारखी दिसतात, पण लेन या सूत्राने अक्षरे मोजली की एका नावात एक जास्त भरते. ही चिन्हे सरसकट काढून टाकायचा मोह होतो, पण थांबा. आपला अर्धा ‘र’ म्हणजे ‘ऱ्य’, ‘ऱ्ह’ यांतला, दोन तऱ्हांनी टाइप केला जातो. एका पद्धतीत त्यासाठी स्वतंत्र ‘ऱ’ (संकेतांक २३५३) आणि हलन्त असतो. दुसऱ्या पद्धतीत साधा ‘र’, हलन्त आणि ते न दिसणारे ८२०५ चिन्ह. हे चिन्ह आधीच उडवलेत तर दऱ्याखोऱ्यातली ‘दऱ्या’ आणि नाखव्यांचा ‘दर्या’ एकच होऊन बसतात आणि ‘वऱ्हाडकर’ आडनावाचा आकार बदलतो. म्हणून क्रम असा: आधी ‘र, हलन्त, ८२०५’ ही त्रयी ‘ऱ, हलन्त’ यात बदला, मगच उरलेली जोडचिन्हे काढा. हेच ‘ॲ’चे. तो एक अक्षर म्हणूनही येतो आणि ‘अ’वर चंद्र देऊनही, दोन्हींपैकी एक निवडा आणि सगळीकडे तोच करा.

अंक तपासा. नौकेच्या नावातला ‘२’ कोणी मराठीत लिहितो, कोणी इंग्रजीत. मराठी अंकांत टाइप केलेल्या तारखेला एक्सेल बहुधा मजकूरच समजते आणि मग क्रम लावताना ती भलतीकडे जाते. विसर्गाच्या जागी अपूर्णविराम, ‘श्री.’ कधी आहे कधी नाही, ‘एकवीरा’ आणि ‘एकविरा’, ‘पाजपंढरी’ आणि ‘पाज पंढरी’ हे सगळे या टप्प्यात एकसारखे करायचे. बंदरांच्या नावांसाठी लहान पर्यायी यादीच करा. ‘हर्णै’, ‘हर्णे’ आणि ‘हरणै’ ही तिन्ही रूपे आमच्या तक्त्यांत सापडली. डावीकडे लिहिलेले रूप आणि उजवीकडे ठरवलेले, अशी दोन रकान्यांची यादी पुरते.

जुन्या फाइली युनिकोडपूर्व फॉन्टमध्ये असतील, तर फॉन्ट बदलताच नावाच्या जागी निरर्थक इंग्रजी अक्षरे दिसतात. अशा मजकुराची कोणतीही जोडणी होत नाही. तो आधी परिवर्तकातून युनिकोडमध्ये आणा आणि जोडाक्षरे नीट उतरली का ते काही पानांवर डोळ्यांनी पाहा.

तारखांसाठी आपल्या किनाऱ्यावर एक फार चांगली कसोटी आहे. महाराष्ट्रात यांत्रिक नौकांना १ जून ते ३१ जुलै असे ६१ दिवस मासेमारी बंद असते. लिलावाच्या तक्त्यात ट्रॉलरची मासळी ८ जूनला उतरलेली दिसली, तर बहुधा ती ६ ऑगस्टची नोंद आहे आणि संगणकाच्या अमेरिकी मांडणीने दिवस आणि महिना यांची अदलाबदल केली आहे. बंदीच्या काळातल्या सगळ्या ओळी गाळून बाजूला काढा. एक चूक सापडली की त्याच फाइलीत १ ते १२ या तारखांच्या सर्व ओळी संशयित धरा, कारण अदलाबदल फक्त त्यांच्यातच लपून राहते. बिगर-यांत्रिक होड्यांना ही बंदी लागू नाही, त्यांची जूनमधली नोंद खरी असू शकते. ती दुरुस्त करायला जाऊ नका.

जोडकिल्ली बांधा, पण आधी तिची परीक्षा घ्या

एकच क्रमांक समान नसेल तर दोन-तीन रकाने मिळून किल्ली करता येते: बंदर, नौकेचे नाव आणि मालकाचे आडनाव, मध्ये एक उभी रेघ. नुसते नौकेचे नाव कधीच पुरत नाही. ‘जय हनुमान’, ‘एकवीरा’, ‘दर्यासागर’ ही नावे प्रत्येक बंदरावर आहेत, आणि ती श्रद्धेने ठेवलेली असल्यामुळे पुढेही राहणार.

समजा, नोंदणीत ‘जय हनुमान’ नावाच्या २ नौका आहेत आणि बर्फाच्या तक्त्यात त्या नावाच्या ३ ओळी, प्रत्येकी २० लादी. नुसत्या नावावर मर्ज (पॉवर क्वेरीतली जोडणी) केलेत तर ६ ओळी तयार होतात आणि ६० लाद्यांच्या १२० होतात. हे निदान बेरजेत पकडले जाते. व्हीलुकअप किंवा एक्सलुकअप वापरलेत तर पहिली सापडलेली ‘जय हनुमान’ उचलली जाते आणि साठही लाद्या तिच्या खात्यावर पडतात; बेरीज बरोबर येते, कोणाला शंका येत नाही आणि दुसरी नौका वर्षभर कोरडी दिसते. ही चूक मला जास्त घातक वाटते. म्हणून जोडणीच्या आधी नोंदणी तक्त्यात काउंटइफ लावून प्रत्येक किल्ली किती वेळा येते ते मोजा. जिथे एकापेक्षा जास्त येते, त्या किल्ल्या आपोआप जोडायच्या नाहीत, त्या हाताने सोडवायच्या.

किल्लीत जितके रकाने वाढवाल तितकी ती नेमकी होते आणि तितक्याच कमी ओळी उघडते. मोबाइल क्रमांक सोपा वाटतो, पण तो एका घरात चौघांचा असतो आणि दर दोन वर्षांनी बदलतो. त्याला साक्षीदार धरा, किल्ली नको. आणि आधार क्रमांक बर्फाच्या खिडकीवर किंवा सामायिक फाइलीत गोळा करण्याचा विचारही नको. नौकेला तिचा नोंदणी क्रमांक आहे, माणसाची ओळख उघड करण्याचे कारण नाही.

कडक ते सैल, फेऱ्याफेऱ्यांनी

पहिल्या फेरीत पूर्ण किल्ली तंतोतंत जुळणाऱ्या ओळी जोडा आणि त्या बाजूला काढा. दुसऱ्या फेरीत उरलेल्यांवर जरा सैल किल्ली लावा, उदाहरणार्थ बंदर आणि मालकाचे पूर्ण नाव. कोणती ओळ कोणत्या फेरीत जुळली ते एका रकान्यात लिहा. पॉवर क्वेरीतल्या मर्जमध्ये ‘लेफ्ट अँटी’ हा प्रकार निवडला की न जुळलेल्याच ओळी समोर येतात. हे काम करताना मी सगळ्यांत जास्त वापरते ते हेच.

त्यानंतर अंदाजे जुळणी, म्हणजे फझी मर्ज. यात साम्याची पातळी ठरवता येते आणि ती मुळात ०.८० असते. ‘एकवीरा’ आणि ‘एकविरा’ अशी जोडपी ती छान शोधते. पण बंदरावर तिचा एक मोठा धोका आहे. एकाच मालकाच्या दोन नौका ‘जय हनुमान १’ आणि ‘जय हनुमान २’ असतात. फक्त एका अक्षराचा फरक, म्हणून त्या जवळजवळ सारख्याच दिसतात. प्रत्यक्षात त्या दोन नौका, दोन तांडेल आणि दोन संसारांचे हिशेब आहेत. म्हणून नावातला अंक वेगळ्या रकान्यात काढा आणि तो तंतोतंत जुळलाच पाहिजे अशी अट घाला. साम्य फक्त उरलेल्या शब्दांत शोधा.

उलट बाजूही आहे. वडील वारले, नौका मुलगा चालवतो, नोंदणीत अजून वडिलांचेच नाव. इथे अक्षरांचे साम्य शून्य आहे आणि जोडी मात्र खरी आहे. पातळी कितीही खाली आणलीत तरी ती सापडणार नाही, भलत्याच जोड्या मात्र ढिगाने येतील. ०.८० च्या खाली जाण्याऐवजी माणसाकडे जा.

जुळलेल्या जोड्यांचे तीन ढीग करा: नक्की, माणसाने पाहायचे आणि नक्कीच नाही. फेलेगी आणि सन्टर या दोन संख्याशास्त्रज्ञांनी १९६९ मध्ये नोंदी जोडण्याचा जो सिद्धान्त मांडला, त्यातही हेच तीन ढीग आहेत. मधला ढीग मोठा निघाला म्हणून घाबरू नका आणि तो लहान करण्यासाठी शंकास्पद जोड्या ‘नक्की’त ढकलू नका. न जुळलेली ओळ समोर दिसत राहते, चुकीची जुळलेली ओळ अहवालात मिसळून जाते.

दुव्याची वही

आता या सगळ्या कामातली सर्वांत मोलाची गोष्ट: एक स्वतंत्र तक्ता, ज्याला मी दुव्याची वही म्हणते. त्यात हे रकाने: नौकेचा नोंदणी क्रमांक, कोणत्या तक्त्यातले नाव, तिथे लिहिलेले नाव जसेच्या तसे, कधीपासून, कधीपर्यंत, कोणी खात्री केली आणि कोणत्या दिवशी. एका नौकेच्या पाच-सहा ओळी झाल्या तरी चालेल. पुढच्या महिन्यापासून जोडणी या वहीमधून होते. अंदाजे जुळणी फक्त नव्या नावांपुरती उरते.

‘कधीपासून, कधीपर्यंत’ हे रकाने अनेकांना जास्तीचे वाटतात. ते ठेवाच. तांडेल हंगाम बदलला की नौका बदलतो. नौका विकली जाते, नवा मालक तिचे नावही बदलतो. गेल्या वर्षीचा दुवा तारीख न पाहता या वर्षी लावलात, तर एका तांडेलाची मासळी त्याच्या जुन्या नाखव्याच्या खात्यात जमा होते.

मधल्या ढिगातली नावे घेऊन मी संध्याकाळी लिलावाच्या आधी धक्क्यावर बसते. कसे विचारायचे ते मी हळूहळू शिकले. ‘ही आणि ही नौका एकच ना?’ असे विचारले की समोरचा माणूस भिडेने किंवा घाईत ‘होय’ म्हणतो. त्याऐवजी विचारा, ‘या नावाने बर्फ कोण कोण नेतो?’ मग उत्तरात कधी दोन नावे येतात, आणि तिथेच तुमची चूक वाचते. बर्फाच्या खिडकीवरचा कारकून आणि लिलाव पुकारणारा, दोघांना वेगवेगळे विचारा. दोघांची उत्तरे जुळली तरच दुवा पक्का. आणि खात्री करणाऱ्याचे नाव लिहिताना त्याला तसे सांगा. नाव लागणार म्हटल्यावर माणूस जरा विचार करून बोलतो.

नौका जुळली, आता फेरी जुळवा

बर्फ रात्री नेले जाते आणि मासळी दुसऱ्या दिवशी किंवा चार दिवसांनी उतरते. त्यामुळे तारखेवर तारीख ठेवून जोडणी होत नाही. इथे दोन तक्ते शेजारी जोडण्याऐवजी एकाखाली एक रचा. पॉवर क्वेरीत यालाच अपेंड म्हणतात. प्रत्येक ओळीला प्रकार लिहा, बर्फ किंवा मासळी. मग नौका, तारीख आणि वेळ या क्रमाने लावा. आता नियम एकच: नौका बदलली की फेरी क्रमांक १ पासून सुरू, बर्फाची ओळ आली आणि तिच्या आधीची ओळ मासळीची असली की फेरी क्रमांक एकने वाढवायचा, एरवी तोच ठेवायचा.

५ ऑक्टोबरला रात्री ४० लादी, ६ ला पहाटे आणखी १०, ८ ला दुपारी बांगडा, त्याच संध्याकाळी सुरमई, ९ ला पुन्हा बर्फ, असे असेल तर पहिली फेरी आपोआप ५० लादी आणि दोन वाट्यांची होते. ९ तारखेपासून दुसरी फेरी. मध्यरात्रीचा गोंधळ यात उरत नाही. शेवटी नौका आणि फेरी क्रमांक यांवर पिव्होट टेबल करा, लाद्या आणि किलो समोरासमोर येतात.

दोन ठिकाणी थांबून पाहावे लागते. मध्ये बर्फ न घेता दोनदा मासळी उतरली आणि त्यांत बरेच दिवसांचे अंतर आहे, तर नौकेने दुसऱ्या बंदरावर बर्फ घेतलेले असणार. लागोपाठ दोनदा बर्फ आणि मध्ये आठवडा, तर मासळी दुसरीकडे उतरली. या फेऱ्यांवर खूण करा आणि सरासरीत घेऊ नका. वहीत वेळ लिहिलेली नसेल आणि बर्फ व मासळी एकाच तारखेला असतील, तर आधी काय धरायचे हे नौका त्याच दिवशी परतते की मुक्कामी जाते यावरून ठरते: सकाळी जाऊन संध्याकाळी परतणाऱ्या नौकांचे बर्फ आधी, मुक्कामी नौकांची मासळी आधी.

ताळा, आणि उरलेल्यांचे काय

समोर चिकटवलेला कागद बघा. ओळी, लाद्या, किलो जुळले पाहिजेत: जुळलेले अधिक न जुळलेले बरोबर मूळ एकूण. मग जुळलेल्यांतून कुठल्याही ३० ओळी उचला आणि अनुक्रमांकावरून मूळ वहीत जाऊन तपासा. दोन-तीन चुका निघाल्या तर त्या जुळणीच्या कोणत्या फेरीत जुळल्या होत्या ते पाहा. बहुधा एकाच फेरीचा नियम सैल झालेला असतो.

न जुळलेल्या ओळी अहवालातून काढून टाकू नका. त्यांची ‘न जुळलेले’ अशी स्वतंत्र ओळ तक्त्याच्या तळाशी द्या, लाद्या आणि किलोंसकट. हे मी आग्रहाने सांगते, कारण न जुळणाऱ्या नौका सगळ्या प्रकारच्या नसतात. मोठ्या ट्रॉलरचे नाव ठळक रंगवलेले असते, मालक परिचित असतो, ती पहिल्याच फेरीत जुळते. उरतात त्या लहान होड्या, ज्यांची नोंद वहीत ‘बाळ्याची होडी’ एवढीच असते. त्यांना गाळले की ओळींच्या संख्येत फारसे कमी दिसत नाही, पण अहवालातून बंदरावरचे लहान मच्छीमार नाहीसे होतात आणि फेरीमागची सरासरी मासळी फुगते. त्या आकड्यावर पुढे कोणी बर्फाचा कोटा ठरवला तर नुकसान त्यांचेच. न जुळलेले किती टक्के, हे दरवेळी नौकांच्या प्रकारानुसार वेगळे काढून लिहा.

पावसाळ्याचे दोन महिने बंदी असते, तेव्हा खिडकीवर गर्दी नसते. दुव्याच्या वहीतून नौकांची एक यादी छापा: खिडकीवरचा कारकून ज्या नावाने हाक मारतो ते नाव आधी, शेजारी नोंदणी क्रमांक, अक्षरे मोठी. पावतीपुस्तकात क्रमांकासाठी एक चौकट वाढवून घ्या. बाळ्याच्या होडीलाही त्या यादीत जागा द्या. नोंदणी क्रमांक नसेल तर संस्थेचा एक साधा अनुक्रमांक द्या. कागदावर प्लास्टिक चढवा, नाहीतर बर्फाच्या पाण्याने तो आठवडाही टिकत नाही. आणि १ ऑगस्टला खिडकी उघडण्याआधी तो भिंतीवर लागलेला असू द्या.